खिडकीतले कणीस

लहान मुलांचा बोलपट पाहून ऐंशी वर्षांच्या बाईने पदर डोळ्यांना लावावा, हे काही बरे दिसत नाही. पण झाले खरे तसे. बाहेर पावसाची झड लागली होती. पाच वर्षांची नात माझ्या मांडीला टेकून टीव्हीकडे पाहत होती आणि तिचा थोरला भाऊ, अर्धे लक्ष हातातल्या फोनमध्ये ठेवून, अधूनमधून आम्हा दोघींना गोष्टीचा अर्थ सांगत होता. चित्रपट जपानी. खाली इंग्रजी अक्षरे उमटत आणि मिटत. ती वाचण्याइतकी माझी नजर आता चपळ राहिलेली नाही.

"आजी, रडतेस काय? कार्टून आहे ते!" नातू म्हणाला.

"कांदा चिरून आले आहे," मी म्हटले.

कांदा चिरून दोन तास झाले होते. सुदैवाने त्या वयाची मुले स्वयंपाकघराचा हिशेब ठेवीत नाहीत.

त्या चित्रपटाचे नाव 'माझा शेजारी तोतोरो'. हायाओ मियाझाकी नावाच्या दिग्दर्शकाने तो केला आणि १६ एप्रिल १९८८ रोजी तो जपानात लागला. जेमतेम शहाऐंशी मिनिटांचा खेळ. गोष्ट म्हणावी तर फार काही नाही. सात्सुकी ही शाळकरी मुलगी आणि मेइ ही तिची चार वर्षांची धाकटी बहीण, दोघी वडिलांबरोबर तोक्योजवळच्या खेड्यात एका जुनाट घरात राहायला येतात. घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून काजळीचे काळे गोळे डोळे मिचकावीत पळतात. शेजारी कापराच्या जातीचा एक प्रचंड वृक्ष आहे, आणि त्याच्या पोटात तोतोरो राहतो. घुबड, मांजर आणि अस्वल यांना एकत्र करून वर भरपूर कापूस कोंबावा, तसा हा प्राणी. तो बोलत नाही. जांभया देतो, डरकाळी फोडतो, आणि लहान मुलांखेरीज कोणाला दिसत नाही. मेइ त्याच्या पोटावर चढून त्याला नाव विचारते आणि त्याच्या जांभईतून जे ऐकू येते तेच त्याचे नाव ठरवून टाकते.

नात खिदळत होती. मीही हसत होते. बारा पायांचे एक मांजर येते, तेच बस असते. त्याच्या पोटात मऊ लोकरीची बाके असतात आणि डोळ्यांचे दिवे होतात. असे काही पाहून न हसणारा माणूस मला तरी भेटायला नको. मग डोळ्यांत पाणी का आले?

त्या मुलींची आई घरी नाही म्हणून. ती इस्पितळात आहे. काय झाले आहे, हे चित्रपटात कोणी बोलत नाही. पण डोंगराच्या बाजूचे ते शांत इस्पितळ, पांढऱ्या खाटा, बरी दिसणारी तरी घरी न येणारी आई, हे पाहिल्याबरोबर मी मनात म्हटले, क्षय! आमच्या वयाच्या माणसांना ते सांगावे लागत नाही. नातवाने फोनवर शोधून माझा तर्क बरोबर ठरवला. मियाझाकींच्या स्वतःच्या आईला मणक्याचा क्षय होता. १९४७ ते १९५५ ती त्या दुखण्यात होती. पहिली काही वर्षे इस्पितळात, पुढे घरी अंथरुणावर. मियाझाकींचा जन्म १९४१ चा. म्हणजे सहाव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत या मुलाने आईला उभे राहून काम करताना जवळजवळ पाहिलेच नाही. ते चार भाऊ. चित्रपटात मात्र त्यांनी दोन मुली घातल्या. मुलगे घातले असते तर चित्रपट करणे फार जड गेले असते, असे त्यांनी एकदा सांगितले आहे. मला ते पटले. काही गोष्टी दुसऱ्याचे नाव घालूनच सांगाव्या लागतात.

मला मात्र येथे दुसऱ्याचे नाव घालण्याची सोय नाही.

साल १९५४. आमचे गाव मिरजेपासून पंचवीस मैलांवर. जिल्ह्याला तेव्हा दक्षिण सातारा म्हणत. वडील, म्हणजे आमचे अण्णा, शाळामास्तर. मी नऊ वर्षांची, बंडू चार वर्षांचा. आईला खोकला होता, संध्याकाळचा ताप होता, आणि ती वाळत चालली होती. रोगाचे नाव घरात कोणी उच्चारीत नसे. 'ते दुखणे' म्हणत. पण गावाला न सांगता कळले. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका उंबऱ्याबाहेरूनच वळू लागल्या. आमच्या घरचे पाणी कोणी पिईना. ज्येष्ठ सरता सरता अण्णांनी आईला एस. टी. त बसवून मिरजेच्या बाजूच्या एका आरोग्यधामात नेऊन ठेवले. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने तोवर आपल्याकडे येऊन पोचली होती. तो शोध १९४३ चा. दहा वर्षे आधी आजारी पडली असती तर आई वाचली नसती, असे अण्णा पुढे नेहमी म्हणत.

घर माझ्यावर आले. शेजारच्या काशीमावशी भाकरी थापायला शिकवीत. त्या एकट्याच आमच्या घरी उंबरा ओलांडून येत. 'मला आता साठी उलटली, मला काय खातोय तो रोग!' असे म्हणून त्या हसत. माझ्या भाकऱ्या करपत आणि बंडू त्यांचा काळा भाग सोलून माझ्याच ताटात ठेवी.

सात्सुकी सकाळी उठून वडिलांचे, बहिणीचे आणि स्वतःचे डबे भरते, तेव्हा माझी नात म्हणाली, "आजी, ती किती शहाणी आहे ना!" मी हो म्हटले. पण ते शहाणपण पाहून मला पहिला हुंदका आला होता. घरात आई नसली की मुलीला शहाणे व्हावे लागते. त्यात तिची हौस नसते. इस्पितळात भेटायला गेल्यावर मेइ धावत जाऊन आईला बिलगते. सात्सुकी आपली खाटेशी उभी. मग आई तिला जवळ घेते आणि तिचे केस विंचरून देते. तेवढा वेळ ती पुन्हा लहान होते. तो प्रसंग अर्ध्या मिनिटाचासुद्धा नसेल. माझी वेणी त्या चौदा महिन्यांत कोणी घातली, हे मला काही केल्या आठवेना. बहुधा मीच घालीत असेन.

आणि खरे सांगायचे तर मला त्या मुलींचा हेवाही वाटला. त्यांना आईच्या खाटेवर तरी बसता आले. आम्हाला मुले म्हणून आत जाता येत नसे. अण्णा बंडूला खांद्यावर घेऊन अंगणात उभे राहत, मी त्यांच्या धोतराला धरून टाचा उंचावी, आणि आई खिडकीशी येऊन हात हलवी. चौदा महिन्यांत असे दोनदा झाले. तिचा चेहरा गजांच्या मागे होता. बंडूने विचारले, "आईला कोंडलंय का?" अण्णा काही बोलले नाहीत.

आता चित्रपटातल्या ज्या जागी मी पदर शोधला, तिथे येते. आई शनिवारी घरी येणार म्हणून मुली दिवस मोजीत असतात. मेइने शेजारच्या आजींच्या मळ्यातून आईसाठी मक्याचे कणीस काढून ठेवलेले असते. आजींनी म्हटलेले असते की आमच्या मळ्यातली भाजी खाल्ली की तुमची आई बरी होईल. आणि इस्पितळाची तार येते. सात्सुकी धावत जाऊन गावातल्या मोठ्या घरातून वडिलांना टेलिफोन करते. निरोप कळतो: आईला सर्दी झाली आहे, येणे लांबणीवर. मेइ ऐकत नाही. नाही, आई आलीच पाहिजे! मग सात्सुकी तिच्यावर ओरडते. म्हणजे आई मेली तरी चालेल का तुला?

ते वाक्य नातवाने मराठीत करून सांगितले. त्याला सांगायची गरज नव्हती. ते मी पूर्वी ऐकले होते. ऐकले कसले, मीच बोलले होते.

त्या वर्षी दिवाळीला आई चार दिवस घरी येणार असे ठरले होते. काशीमावशींनी करंज्यांचे सारण केले होते. मी अंगण सारवून रांगोळीची जागा आखून ठेवली होती. बंडूसाठी अण्णांनी टिकल्यांचे पिस्तूल आणले होते, पण तो टिकल्या उडवू देईना. आई आली की उडवायच्या, असा त्याचा हट्ट. वसुबारसेच्या दिवशी कार्ड आले. ताप पुन्हा चढला आहे, डॉक्टर सोडीत नाहीत. अण्णा ते वाचून कार्ड खुंटीवरच्या कोटाच्या खिशात ठेवून शाळेच्या बाजूला निघून गेले. बंडूने आकांत मांडला. आत्ता आण, आत्ता जाऊ, एस. टी. ने जाऊ! मी त्याचा दंड धरून त्याला गदागदा हलवले आणि म्हटले, "मग मरू दे का आईला? मरू दे का?"

तो गप्प झाला. आणि त्यानंतर त्याने आईचे नाव काढणे सोडून दिले.

चित्रपटातल्या मेइचे तसे होत नाही. ती कणीस छातीशी धरून एकटीच इस्पितळाची वाट धरते. मोठ्या माणसाला चालत तीन तास लागतील एवढी वाट, आणि ती चार वर्षांची! ती हरवते. सारे गाव शोधायला निघते. सात्सुकी रस्त्यांवरून धावत सुटते, भेटेल त्याला विचारते. एवढ्यात तळ्यात लहान मुलीची एक चप्पल सापडल्याची बातमी येते. शेजारच्या आजी ती चप्पल हातांत धरून देवाचे नाव घेत बसलेल्या असतात. सात्सुकी येते, पाहते आणि सांगते, ही मेइची नाही. पडद्यावरच्या आजींचे अंग सैल होते. इकडे माझेही झाले. नातीने माझा हात घट्ट धरला होता, तो सोडला.

पुढे सात्सुकी तोतोरोकडे जाते आणि त्याच्यासमोर रडते. तो मांजर-बसला हाक मारतो. बसच्या कपाळावरची पाटी फिरते आणि तिच्यावर 'मेइ' असे नाव येते. मेइ सापडते ती रस्त्याकडेच्या सहा दगडी मूर्तींच्या ओळीशेजारी बसलेली. नातवाला त्या मूर्ती कोणाच्या ते माहीत नव्हते. त्या जिझोच्या. जपानात हा मुलांचा आणि वाटसरूंचा राखणदार मानतात. मुळात तो आपल्याकडून गेलेला क्षितिगर्भ बोधिसत्त्व. मला बरे वाटले. पोर अगदीच एकटी नव्हती.

यानंतर मियाझाकींनी जे केले ते एखाद्या लबाड गोष्टीवाल्याने केले नसते. इतका मोठा जादूचा प्राणी हाताशी असताना त्याच्याकडून आईला बरे करवून घेणे काही अवघड नव्हते. पण तोतोरो इस्पितळात येतसुद्धा नाही. मांजर-बस मुलींना इस्पितळाबाहेरच्या झाडावर नेऊन बसवते. आत दिव्याच्या उजेडात आई आणि वडील हसत बोलत आहेत. खरेच साधी सर्दी. मुली आत जात नाहीत. पाहतात आणि परत फिरतात. मग वडिलांना खिडकीत एक कणीस दिसते. त्याच्या सालीवर नखाने कोरले आहे, 'आईला'. आई म्हणते, आत्ता त्या झाडावर मुली हसताना दिसल्यासारखे वाटले.

खिडकीच्या बाहेर उभे राहून आईकडे पाहणे काय असते, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच हे दृश्य काढले असले पाहिजे. मला ठाऊक नव्हते ते एवढेच, की आतून काय दिसते.

चित्रपट संपल्यावर नातू म्हणाला, "आजी, लोक म्हणतात त्या दोघी मुली खरं तर मेलेल्या असतात. शेवटी त्यांच्या सावल्याच पडत नाहीत." मी त्याला म्हटले, लोकांना काय, जिभेला हाड नसते. त्यानेच मग शोधून सांगितले की ती अफवा आहे, आणि ज्या स्टुडिओने चित्रपट काढला त्याने २००७ साली तसे जाहीरही केले. चित्रे काढताना त्या जागी सावली नको वाटली, एवढेच. पण अफवा का उठली असावी, हे मला समजते. खेळताना, हसताना, काजळीचे गोळे पकडताना त्या घरात एक भीती सतत बसलेली असते. पाहणाऱ्याला ती जाणवते, पण तिला नाव मिळत नाही. मग तो एखादे मरण शोधून तिथे बसवतो. वास्तविक कोणी मरत नाही. कोणी मेले नाही म्हणून दुःख झाले नाही, असे मात्र नसते.

आमच्याही घरी कोणी मेले नाही. १९५५ च्या श्रावणात आई बरी होऊन घरी आली. अंगाने भरलेली, गोरी झालेली, नवे लुगडे नेसलेली. काशीमावशींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. बंडू त्यांच्या पदराआड उभा. आईने हात पुढे केला, तो गेला नाही. थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन, पण आईला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारले, "अक्का, ह्या किती दिवस राहणार आहेत?"

आई हसली. मग हंडा घेऊन परसात गेली आणि बराच वेळ आली नाही.

पुढे अर्थात सगळे सुरळीत झाले. आई त्यानंतर चाळीस वर्षे जगली, बंडू तिचा सगळ्यांत लाडका. पण त्या दिवशीची ती 'ह्या' मी माझ्या खाती लिहून ठेवली. मी ओरडले नसते तर तो आईचे नाव घ्यायचा थांबला नसता. आणखी एक गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाली आणि ती फार लागली. १९५६ साली मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. काही क्षयरोग्यांना आरोग्यधामात ठेवून आणि काहींना घरीच ठेवून तीच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष छापून आला: घरी राहिलेले रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्यामुळे घरच्या माणसांचा धोका वाढला नाही. त्यानंतर जगभर आरोग्यधामांच्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या. आम्ही चार-पाच वर्षे आधी आजारी पडलो, एवढेच. कोणाचा दोष नाही. त्या वेळी जे ठाऊक होते तेच डॉक्टरांनी केले, आणि आई वाचली.

त्या रात्री झोप येईना. सकाळी बंडूला फोन लावला. बंडू आता पंचाहत्तर वर्षांचा, नागपूरला असतो, बँकेतून निवृत्त. मी आधी पावसापाण्याचे विचारले, त्याच्या मोतीबिंदूचे विचारले, आणि मग सत्तर वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलून टाकले.

"तू असं म्हणाली होतीस?" तो म्हणाला. "मला नाही बुवा आठवत."

"नीट आठव."

"मला एवढंच आठवतं अक्का, की तू चुलीपुढे बसून रडत होतीस. मोठ्यानं. तुला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला इतकी भीती वाटली! मग मी तुला माझी टिकल्यांची डबी आणून दिली."

"मला? टिकल्या?"

"हो. आणि तू त्या सगळ्या उडवल्यास! दगडानं ठेचून. एकसुद्धा ठेवली नाहीस मला." पंचाहत्तर वर्षांच्या माणसाच्या आवाजात खरी तक्रार होती.

"आणि मग आईचं नाव का काढेनास?"

"तू रडशील म्हणून," तो म्हणाला. आणि लगेच त्याने डाळीच्या भावाचे बोलणे काढले.

मला ते रडणे आठवत नाही. चूल आठवते, कार्ड आठवते, बंडूचा दंड आठवतो. डबी मुळीच आठवत नाही. दुपारी नातवाला म्हटले, तो चित्रपट पुन्हा लाव, भांडणाच्या जागेपासून. त्याने तोंड वाकडे करीत लावला. आणि आदल्या दिवशी जे माझ्या नजरेतून निसटले होते ते दिसले. ओरडा खाऊन मेइ कुठेच जात नाही. दोघी घरी येतात, रुसून पडून राहतात. संध्याकाळ होते. आजी वाळत घातलेले कपडे काढायला येतात, सात्सुकीची समजूत घालतात, आणि इतके दिवस शहाणी राहिलेली ती पोर, आई मेली तर काय करू, असे म्हणून त्यांच्यापुढे मोठ्याने रडू लागते. मेइ बाजूला उभी राहून हे पाहते. ताई रडते आहे! मग ती कणीस उचलते आणि निघते.

सात्सुकीची तिच्याकडे पाठ आहे. तिला हे कधीच कळत नाही. मलाही सत्तर वर्षे कळले नव्हते.

वाचकहो, घरात लहान मूल असेल तर त्याला घेऊन हा चित्रपट जरूर पाहा. नसेल तर शेजारचे उसने आणा. फक्त एक करा. 'समाप्त' व्हायला लागले, नावे सरकू लागली, की उठू नका. आई घरी येते ती त्या नावांच्या मागे, छोट्या छोट्या चित्रांत. मोटारीतून उतरते, मुली धावत जातात, मग ती त्यांना जवळ घेऊन पुस्तक वाचून दाखवते. घाईची माणसे ते न पाहताच दिवे लावतात.

बंडू या दिवाळीला येणार आहे. बाजारातून टिकल्यांची एक डबी आणून मी कपाटात ठेवली आहे. तो बँकेतला माणूस; सत्तर वर्षांचे व्याज मागेल. ते काही मला झेपायचे नाही. मुद्दल तेवढे देऊन टाकते.